विष्णुदास भावे : बोलणारा सूत्रधार आणि अबोल पात्रे



विष्णुदास भावे यांचा 'नाट्यकवितासंग्रह' हा ग्रंथ 1885 साली प्रसिद्ध झाला. मराठी नाटकाच्या इतिहासात त्याचे नाव तुम्ही वाचले असेल. हा ग्रंथ हाती घेतला, तर तुमचा थोडा अपेक्षाभंग होण्याची शक्यता आहे. त्यात पदे आहेत, श्लोक आहेत, आर्या आणि साक्या आहेत. परंतु आज आपण ज्याला संवाद म्हणतो, ते जवळजवळ नाहीत. कोण कोठून येतो, कोठे बसतो, काय बोलतो, याचा पत्ता लागत नाही. काही वर्षांपूर्वी एका संपर्कसत्रात धनजहून (ता. कारंजा, जि. वाशीम) येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला सरळ विचारले होते की, या पुस्तकात नाटक नेमके कोठे आहे? मी पाठ्यपुस्तकी उत्तर दिले. ही मराठी नाटकाची बाल्यावस्था होती, संवादरचना अद्याप विकसित व्हायची होती, असे काहीसे मी सांगितले.

तिचे समाधान झाले नाही. तिने धनजला येणाऱ्या एका बहुरूप्याची हकीकत सांगितली. तो मारुतीचे सोंग घेऊन दारोदार फिरे आणि दिवसभर एक शब्दही उच्चारत नसे. डोळे, शेपूट आणि खांद्यावरची गदा एवढ्यावर तो लंकादहनाची सगळी कथा उभी करी. बरोबरचा माणूस पदे म्हणे. ती पदे कोणी लिहून काढली असती, तर त्या कागदावर मारुती दिसला असता का, हा तिचा पुढचा प्रश्न होता. भाषाविज्ञानाचा अभ्यासक शब्दांना नको तितका मान देतो, हे मला त्या दिवशी मान्य करावे लागले. या घटकात आपण भावे यांचे चरित्र पाहणार आहोत, ते तिच्या प्रश्नाच्या अनुरोधाने.

सांगली, 1842

विष्णु अमृत भावे यांचे वडील अमृतराव हे सांगली संस्थानच्या चाकरीत होते. संस्थानचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन हे कलांचे चाहते होते. विष्णुपंतांना लहानपणापासून शालेय विद्येपेक्षा हातांच्या कारागिरीत गोडी होती. माती, लाकूड, रंग यांतून आकृती घडवणे, गोष्टी रचणे, कविता करणे हे त्यांचे उद्योग. घरच्यांना अशा मुलाची चिंता वाटावी, असाच तो काळ होता. चिंतामणरावांनी मात्र या मुलाच्या अंगचे गुण हेरले.

1842 साली उत्तर कानड्यातून भागवत मंडळींचा एक संच सांगलीस आला आणि त्याने दरबारात आपले खेळ केले. हे खेळ आजच्या यक्षगानाच्या कुळातले होते. एक भागवत उभा राहून पदे गातो, मृदंगाची साथ असते आणि रंगीबेरंगी वेशातील पात्रे त्या पदांवर नाचत, हावभाव करत प्रसंग दाखवतात. मधूनमधून उत्स्फूर्त भाषणही करतात. सांगली हा मराठी-कानडी सीमेवरचा मुलूख असला, तरी दरबारातील सर्वांनाच कानडी येत होते असे नव्हे. तरीही खेळ रंगला. असे का व्हावे, याचा तुम्ही स्वतः क्षणभर विचार करा. रामकथा परिचित होती हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की, भाषा ज्या ठिकाणी अडते, त्या ठिकाणी देह पुढे जातो.

चिंतामणरावांना खेळाची कल्पना आवडली, पण त्यातील ओबडधोबडपणा खटकला. असेच काही मराठीत, अधिक सुघड रीतीने, करून दाखवावे अशी आज्ञा त्यांनी भावे यांना केली. भावे यांनी पदे रचली, मुले गोळा केली, त्यांना नाचणे, उभे राहणे, बघणे शिकवले, मुकुट आणि आयुधे तयार केली. 1843 साली 'सीता स्वयंवर' हे आख्यान सांगलीच्या राजवाड्यात सादर झाले. आज 5 नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो, तो या प्रयोगाच्या स्मरणार्थ.

येथे एक सावधगिरी बाळगावी. भावे यांना मराठी नाटकाचे जनक म्हणण्याची रूढी आहे. परीक्षेत तसे लिहिले तर गुण जाणार नाहीत. परंतु तंजावरच्या भोसले राजांनी त्याआधी दीडशे वर्षे मराठी नाटके रचली होती. शहाजीराजांचे 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे त्यांतील एक. कोकणातील दशावतार, देवळातील लळित, तमाशातील बतावणी हेही भावे यांच्या आधीचे. दशावतारातील गणपती आणि सरस्वती यांचा प्रवेश भावे यांच्या नाटकातील प्रवेशांशी ताडून पाहिला, तर नाते सहज लक्षात येते. माझ्या मते भावे यांचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ते पुढे 1853 च्या प्रसंगात दिसेल.

शब्द एकाचा, देह दुसऱ्याचा

आता भावे यांचा एक प्रयोग डोळ्यांपुढे आणा. मागे एक रंगीत पडदा. देखावे नाहीत. एका बाजूला सूत्रधार आणि त्याचे साथीदार झांजा, मृदंग, तंबोरा घेऊन उभे. सूत्रधार मंगलाचरण गातो. विदूषक उड्या मारत येतो, सूत्रधाराची थट्टा करतो आणि लोकांना हसवतो. मग गजाननाचे आगमन होते, विघ्न न येण्याचा वर मिळतो. त्यानंतर सरस्वती येते. कमरेला मोर बांधलेला एक मुलगा मोरावर बसल्याचा भास निर्माण करीत नाचतो. येथपर्यंतचा भाग प्रत्येक नाटकात सारखाच असे. यानंतर मुख्य आख्यान सुरू होई.

आख्यानात सूत्रधार पद गाई. राम धनुष्याकडे निघाला, असे तो गातो आणि राम झालेला मुलगा त्या चालीवर पावले टाकतो. सीतेची चिंता सूत्रधाराच्या गळ्यातून येते. सीता झालेला मुलगा (स्त्रीभूमिका मुलगेच करीत) मान खाली घालतो, पदर सावरतो, चोरून पाहतो. पद संपले की पात्र त्याच अर्थाचे दोन-चार गद्य शब्द स्वतःच्या मनाने बोले. हे गद्य लिहिलेले नसे. म्हणून ते 1885 च्या ग्रंथात नाही. हावभाव तर कागदावर येण्याची शक्यताच नव्हती. ग्रंथात उरले ते सूत्रधाराच्या वाट्याचे. तुमच्या हाती जे पुस्तक आहे, ते या अर्थाने अर्धे नाटक आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रातील अभिनयाचे चार प्रकार तुम्ही अभ्यासले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. सामान्यतः एकच नट हे चारही प्रकार पार पाडतो. भावे यांच्या नाटकात वाटणी झाली आहे. वाचिकाचा मोठा हिस्सा सूत्रधाराकडे, उरलेले तीन पात्राकडे. ही वाटणी म्हणजे कच्चेपणा असे आपण समजतो. पण ती एका अतिशय जुन्या आणि दूरवर पसरलेल्या नाट्यपरंपरेची खूण आहे. केरळच्या कथकळीत नट तोंड उघडून बोलत नाही; मागे उभे असलेले गायक बोलतात. प्राचीन रोममध्ये, ऑगस्टस सम्राटाच्या काळात, पायलाडीज आणि बाथिलस हे दोन नट अशाच खेळासाठी प्रसिद्ध होते. गायकवृंद कथा गाई, आणि एकच नट बंद ओठांचा मुखवटा चढवून देव, राणी, वीर अशी सर्व पात्रे केवळ अंगविक्षेपांनी उभी करी. या नटालाच पँटोमाइम म्हणत. हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ सर्वांचे अनुकरण करणारा असा होतो. मराठीत या शब्दासाठी प्रतिशब्द शोधायचा तर मूकनाट्य किंवा मूकाभिनय असे शब्द आपण वापरतो. शब्दशः पाहिले तर मात्र त्याचा नेमका प्रतिशब्द बहुरूपी हा आहे, आणि तो धनजच्या वाटेवर रोज चालत होता.

युरोपात ही परंपरा अनेक वळणे घेत गेली. इटलीतील मुखवटाधारी विनोदी पात्रे फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये पोचली. इंग्लंडात पँटोमाइम या नावाखाली आज जो नाताळचा खेळ होतो, त्यात तर भरपूर बोलणे आणि गाणे असते. शब्दाने अर्थ कसा बदलावा याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. पॅरिसमध्ये मात्र देब्युरो नावाचा नट चेहरा पांढरा रंगवून पियेरो हे पात्र शब्दाविना करीत असे. त्याच्या नाट्यगृहाला संवादी नाटके करण्याची परवानगी नव्हती, आणि त्या बंदीतून एक कला फुलली. देब्युरो 1846 साली वारला. म्हणजे सांगलीत 'सीता स्वयंवर' होत होते, तेव्हा तो पॅरिसमध्ये रंगमंचावर होता. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचे कारण नाही. आपल्याला हा योगायोग उपयोगी पडतो तो एवढ्यासाठी की, पॅरिसच्या अबोल नटाला आपण कलावंत म्हणतो आणि सांगलीच्या अबोल रामाला अविकसित म्हणतो, हे दुटप्पी माप आहे हे त्यातून कळते.

भावे यांच्या पद्धतीच्या नाटकांना पुढील पिढीने एक कुचेष्टेचे नाव दिले : अललडुर्र नाटके. राक्षसपात्रे चेहरा रंगवून, तलवारी परजत, अशी आरोळी ठोकत रंगमंचावर येत, त्यावरून हे नाव पडले. शिकलेल्या लोकांना ही आरोळी हास्यास्पद वाटली. भाषेच्या अभ्यासकाने मात्र तिच्याजवळ थोडे थांबले पाहिजे. हा शब्द नाही. त्याला व्युत्पत्ती नाही, लिंग-वचन नाही, कोशात अर्थ नाही. तरीही तो ऐकताच लहान मूल आईला बिलगते. ध्वनी येथे हातवाऱ्याचे काम करीत आहे. तोही एक प्रकारचा आंगिक अभिनयच, फक्त गळ्याने केलेला.

राजाश्रय गेल्यावर

चिंतामणराव 1851 साली निवर्तले. त्यांच्या हयातीत भावे यांनी रामायणादी कथांवर अनेक आख्याने रचली होती, संच घडवला होता. सोंग घेणाऱ्यांकडे समाज तेव्हा आदराने पाहत नसे. चांगल्या घरच्या मुलांनी तोंडाला रंग फासून नाचावे, हे अनेकांना मान्य नव्हते. राजाचा शब्द होता तोवर ही कुरकुर दबलेली राहिली. राजा गेला आणि एका दिवसात नाटक हे दरबाराचे भूषण न राहता एका माणसाचे खासगी खटले झाले. मुकुट, कपडे, पडदे, पोरांची जेवणे यांचा खर्च कोणी द्यायचा?

भावे यांनी याचे जे उत्तर शोधले, ते मराठी रंगभूमीच्या इतिहासात निर्णायक ठरले. त्यांनी संच घेऊन गाव सोडले आणि पैसे घेऊन खेळ करायचे ठरवले. प्रेक्षक हा आता निमंत्रित राहिला नाही, तो तिकीट काढून येणारा झाला. पुणे आणि इतर गावे करीत मंडळी मुंबईस पोचली. 1853 साली ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांचे प्रयोग झाले. याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. सांगलीकडे रूळ यायला अजून बराच अवकाश होता. पडदे, पेट्या आणि पोरे घेऊन घाट उतरणे म्हणजे काय, याची कल्पना तुम्ही करू शकता. मुंबईत भावे यांना इंग्रजी पद्धतीचे नाट्यगृह, त्याचा दर्शनी पडदा, आसनांची मांडणी हे सारे जवळून पाहायला मिळाले. या शहरातील प्रेक्षक एकभाषिक नव्हता. गुजराती, पारशी, मराठी, इंग्रज असे सर्व त्यात होते. गोपीचंदाचे आख्यान भावे यांनी हिंदीतही केले. ज्या नाटकात देह कथा सांगतो, त्याला भाषेची वेस ओलांडणे तुलनेने सोपे जाते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. कानडी खेळ मराठी दरबाराने पाहिला होता; आता मराठी संच बहुभाषिक मुंबईपुढे उभा होता.

भावे यांचे खरे श्रेय मी या निर्णयाला देतो. पहिले नाटक कोणी लिहिले, याचे उत्तर संशोधनागणिक बदलू शकते. नाटक हा प्रवास करणारा, स्वतःच्या मिळकतीवर जगणारा धंदा होऊ शकतो, हे मराठी मुलखाला भावे यांनी दाखवले. त्यांच्या मागोमाग इचलकरंजीकर, अळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांनी भावे यांचीच रीत उचलली आणि त्यांच्याशीच स्पर्धा केली. अनुकरण करणाऱ्यांची गर्दी झाली, तसा जुन्या साच्याचा शीण प्रेक्षकांना जाणवू लागला.

दरम्यान नाटक छापील शब्दाकडे वळत होते. जोतीराव फुले यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिले. ते सर्वस्वी संवादांचे नाटक, आणि त्यातही विदूषक आहे. पण त्या काळात ते रंगमंचावर आले नाही. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' 1861 साली आले. अशा नाटकांना बुकिश म्हणू लागले, कारण ती पुस्तकातून पाठ करून करायची असत. याच सुमारास भावे यांनी आपला नाटकाचा व्यवसाय थांबवला. त्यानंतर ते जवळजवळ चाळीस वर्षे जगले.

या चाळीस वर्षांबद्दल आपले वाङ्मयेतिहास एका वाक्यात उरकतात. ते मला योग्य वाटत नाही. ज्या माणसाने एक रीत रुजवली, त्याने ती रीत जुनी होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. 1880 साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे 'शाकुंतल' झाले. त्यात दुष्यंत आणि शकुंतला स्वतः गाऊ लागले. सूत्रधार आरंभी येऊन निघून गेला. 1843 मध्ये ज्या वाटणीने सुरुवात झाली होती, ती येथे संपली; आवाज नटाच्या गळ्यात गेला आणि पुढे पन्नास वर्षे मराठी प्रेक्षक त्या गळ्यावर भाळून राहिला. संगीत नाटकाचे वैभव आपण पुढील घटकात पाहू. पण त्याच वेळी नटाच्या देहाकडे पाहण्याची सवय आपण थोडी गमावली, असे मला वाटते. गाणारा नट एका जागी उभा राहिला तरी चालू लागले.

भावे यांनी 1885 साली आपली आख्याने छापली, ती या पार्श्वभूमीवर. प्रस्तावनेत त्यांनी आपल्या नाट्यव्यवसायाची हकीकत नोंदवली आहे, आणि आज आपल्याला जी माहिती आहे तिचा मोठा भाग त्यावरच उभा आहे.

लाकडी मंडळी

भावे यांच्या आयुष्यातील एक गोष्ट नाटकाच्या इतिहासात सहसा तळटीपेत जाते. त्यांनी लाकडी बाहुल्या बनवल्या होत्या : राम, सीता, रावण आणि इतर, दोऱ्यांनी हलणाऱ्या. लहानपणी माती-लाकडाच्या आकृती घडवणारा हात त्यांनी कधी सोडला नव्हता, एवढाच याचा अर्थ नाही. बाहुली हे पूर्णपणे अबोल पात्र आहे. तिला आवाज कोणीतरी दुसऱ्याने द्यायचा असतो. भावे यांच्या मानवी नाटकात जी रचना होती, तीच येथे अगदी शुद्ध रूपात दिसते.

सूत्रधार या शब्दाचा विचार येथे करणे अगत्याचे आहे. सूत्र म्हणजे दोरा, आणि तो धरणारा सूत्रधार. यावरून रिचर्ड पिशेल या जर्मन विद्वानाने भारतीय नाटकाचा उगम बाहुल्यांच्या खेळात आहे, असे मत मांडले. सर्वांनी ते स्वीकारलेले नाही. मोजमापाची दोरी धरणारा स्थपती, किंवा कथेचे सूत्र सांभाळणारा, अशाही उपपत्ती दिल्या जातात. व्युत्पत्तीवरून इतिहास सिद्ध होत नाही, हे मी तुम्हाला वर्गात नेहमी सांगतो, आणि येथेही तेच सांगेन. तरीही हे लक्षात ठेवा की, हा शब्द त्याच्या दोन्ही अर्थांनी जगलेला एक माणूस सांगलीत होऊन गेला. पोरांना पदांच्या चालीवर हलवणारा सूत्रधार तोच, आणि लाकडाला दोऱ्यांनी हलवणाराही तोच. पोरे मोठी झाली, दुसऱ्या मंडळ्यांत गेली, प्रेक्षकांनी नवी रीत पसंत केली. बाहुल्या कोठे गेल्या नाहीत.

विष्णुदास भावे 1901 साली वारले. चार वर्षांनी, 1905 मध्ये, पहिले मराठी नाट्यसंमेलन मुंबईत भरले. त्याचे अध्यक्षपद आपल्या वऱ्हाडातील, अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांच्याकडे होते. 1943 साली सांगलीत रंगभूमीची शताब्दी साजरी झाली. सांगलीतील नाट्यसंस्थेतर्फे त्यांच्या नावाने दरवर्षी गौरवपदक दिले जाते, आणि सांगलीत व नवी मुंबईत त्यांच्या नावाची नाट्यगृहे आहेत. त्यांच्या बाहुल्या मात्र दीर्घकाळ जुन्या सामानात पडून होत्या. बाहुलीकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या आणि त्यांच्याकडून 'सीता स्वयंवर' करवून घेतले.

उपक्रम

तुमच्या गावात किंवा परिसरात येणारा बहुरूपी, दंडार, गोंधळ, लळित अथवा बाहुल्यांचा खेळ यांपैकी एक प्रयोग प्रत्यक्ष पाहा. कथा सांगणारा आवाज कोणाचा आहे आणि ती दाखवणारा देह कोणाचा, हे दोन रकाने करून नोंदवा. एकही शब्द न बोलता दाखवलेली किमान एक कृती निवडा आणि ती पाहिली नसलेल्या वाचकाला दिसेल अशा रीतीने, दहा ओळींत, लिहून काढा. दहा ओळी अपुऱ्या पडल्या तर तसेही नमूद करा. हे टिपण पुढील संपर्कसत्रास येताना सोबत आणावे.